धुतलेली कॅरॅव्हॅन

कॅरॅव्हॅन घ्यायची कल्पना माझी नव्हती, हे आधीच सांगून ठेवते. कारण आता घरात सगळे ती माझ्या नावावर खपवतात. कल्पना माझ्या मुलीची. तेव्हा ती सतरा वर्षांची होती, शाळेचं शेवटचं वर्ष, परदेशातल्या कॉलेजचं पत्र येऊन पडलेलं, पुढच्या सप्टेंबरात ती जाणार हे नक्की. त्या पत्रानं मला किती आनंद झाला ते मी इथल्या झिंज भागातल्या आमच्या बिल्डिंगभर सांगत फिरत होते. कसला आनंद! सप्टेंबरला किती महिने उरले ते मोजत होते.

मी ॲल्युमिनियमच्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. पत्रा पुढ्यात येतो, मी तो उजेडाला धरून बघते, ओरखडा दिसला की लाल स्टिकर लावते. वीस वर्षं बहरीनमध्ये हेच केलंय. चुका काढायचा मला पगार मिळतो. घरी तेच काम मी फुकट करते, असं आमचे हे म्हणतात. हे बँकेत आहेत. जिभेला धार, हाताला काहीही नाही. घरातला बल्ब गेला तर हे दोन दिवस अंधारात बसतील आणि अंधारावर विनोद करतील.

तर आमच्या शिफ्टचा सुपरवायझर, पन्नाशीचा बहरीनी माणूस, एकदा चहा पिताना म्हणाला की झल्लाकला त्याच्या घरी वडलांची जुनी कॅरॅव्हॅन, गाडीमागे ओढायची चाकांवरची खोली, पडली आहे, खजुरांखाली, चाळीसेक वर्षांची, इंग्लंडहून आलेली, आणि आता ती भंगारात द्यायची आहे. मी हे रात्री जेवताना गंमत म्हणून सांगितलं. मुलीनं काटा खाली ठेवला. "मम्मा, कॅन वी हॅव इट? आपण फिक्स करू. यू अँड मी."

यू अँड मी! बारा वर्षांची झाल्यापासून त्या मुलीनं माझ्याबरोबर स्वतःहून काही करायचं म्हटलं नव्हतं. मी मराठीत विचारायचं, तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं आणि खोलीचं दार लावून घ्यायचं, हे आमचं बोलणं. त्या दोन शब्दांसाठी मी त्या वेळी जहाजसुद्धा आणलं असतं.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझरला विचारलं तर तो आधी पोट धरून हसला. "मॅडम, वो खलास है. उसमें सिर्फ बिल्ली रहती है." मग माझं तोंड बघून म्हणाला, घेऊन जा, नाहीतर इथंच माझ्या अंगणात दुरुस्त करा, जागा आहे. आणि पुढे एक गोष्ट म्हणाला, त्या गोष्टीनंच सगळा घोळ झाला. त्याच्या घरचे दर हिवाळ्यात सखीरच्या वाळवंटात तंबू ठोकतात. फेब्रुवारीच्या शेवटी सीझन संपतो. "उससे पहले बन गया तो मैं खुद पिकअप से खींचके ले जाऊंगा. एक रात हमारे कॅम्प में, हमारे मेहमान."

झालं. माझ्या डोक्यात ती एक रात्र बसली. वाळवंटात ती आणि मी, आम्ही स्वतः उभ्या केलेल्या त्या डब्यात. फोनला रेंज नाही, लावून घ्यायला खोलीचं दार नाही. सप्टेंबरात ती जायच्या आधी मला तिच्याबरोबरची ती एक रात्र हवी होती. हे मी कोणाला बोलले नाही. बोलायचं ते "हॉबी आहे", "मुलीला हातानं काम करायची सवय लागेल" असलं काहीतरी.

ऑक्टोबरात पहिल्यांदा आम्ही तिघं झल्लाकला गेलो आणि मी कॅरॅव्हॅनचं दार उघडलं. उघडलं म्हणजे ते माझ्या हातातच आलं. आतून जो वास आला तो काय सांगू. मांजराची आख्खी पिढी तिथं वाढली होती. खिडकीच्या चौकटीला बोट लावलं तर लाकूड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं खाली पडलं. मुलगी म्हणाली, "ओ माय गॉड, आय लव्ह इट." हे म्हणाले, "मी बाहेर खुर्ची टाकतो."

मीना सलमान बंदराकडे एका वर्कशॉपमध्ये देवगडकडचा एक सुतार काम करतो. आमच्या गणपतीचं मखर दरवर्षी तोच करून देतो. त्याला बोलावलं. तो कॅरॅव्हॅनभोवती एक फेरी मारून आला, पत्र्यावर दोनदा टकटक केलं आणि म्हणाला, "ताई, हिचा लाकूड कधीच गेला. नुसतो पत्रो उभो आसा." खाऱ्या हवेनं आतला सगळा सांगाडा खाल्ला होता. मी विचारलं, होईल का? तो म्हणाला, "होईल. पण तुम्ही करणार की मी करू?" मुलगी माझ्याआधी म्हणाली, "आम्ही." मराठीत म्हणाली. मी काय बोलणार?

आता ज्याला कोणाला असली जुनी कॅरॅव्हॅन स्वतः दुरुस्त करायची हौस असेल त्याला माझं सांगणं आहे: नको. अजिबात नको. एक स्क्रू काढायला जावं तर त्याचं डोकं तुटतं. तुटलेला काढायला ड्रिल लावावं तर ड्रिल घसरून पत्र्याला भोक पडतं. भोक बुजवायला पत्रा सोडवावा तर मागची पट्टी कुजलेली. पट्टी बदलावी तर ती ज्या पट्टीला जोडली आहे ती कुजलेली. सकाळी एक खिडकी करायची म्हणून जावं आणि संध्याकाळी आख्खी भिंत उघडी टाकून घरी यावं. आगीतून फुफाट्यात, दर शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या वारी! छताच्या सांध्यातलं जुना काळा मसाला खरवडताना माझी नखं गेली ती अजून नीट आलेली नाहीत. आणि त्यात वारा. झल्लाकचा वारा म्हणजे निम्मी वाळू. सांध्याला चिकट पट्टी लावायला कागद सोलला की पट्टीवर आधी वाळू बसते, मग ती पत्र्यावर बसते. मी रडकुंडीला आले की हे खुर्चीवरून म्हणायचे, "जरा वारा थांबेपर्यंत थांब ना." आता इथला वारा थांबतो का कधी? उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय!

पण शुक्रवार चांगले होते, हे खोटं कशाला बोलू. मुलगी पहाटे उठायची, माझ्याआधी तयार व्हायची. मी तिला रिव्हेट मारायला शिकवलं. तिनं मला कुठला तरी व्हिडिओ बघून खिडकी बसवायला शिकवलं. कधीकधी काम करता करता ती काहीबाही सांगायची, मैत्रिणीचं, शाळेतल्या कोणाचं, तिकडं गेल्यावर थंडीत काय घालायचं त्याचं. मी मान वर करायची नाही. मान वर केली की ती बोलायची थांबेल अशी भीती वाटायची.

मग मी माती खाल्ली.

त्याचं असं झालं. डाव्या बाजूची मोठी खिडकी तिनं एकटीनं बसवली होती. आख्खा शुक्रवार लावून. मला अभिमानानं दाखवली. आणि मला कोपऱ्यात दिसलं की चिकट पट्टी एका जागी सुटली आहे, दोन मिलिमीटर. तिथून पाणी शिरणार म्हणजे शिरणार. मी "छान" म्हणाले. मंगळवारी मला सुट्टी होती, ती शाळेत होती, मी एकटीच झल्लाकला गेले, खिडकी सोडवली, पट्टी बदलली, पुन्हा बसवली. तिला वाईट वाटू नये म्हणून बोलले नाही. माझ्या मते तो मोठेपणा होता.

आणि खरं सांगायचं तर ती एकच गोष्ट नव्हती. तिनं रंगवलेल्या कपाटाच्या दाराला ओघळ आले होते, ते मी घासून पुन्हा रंगवलं. तिनं मारलेले सहा रिव्हेट काढून पुन्हा मारले. चुकलेलं दिसत असताना ते तसंच ठेवायचं कसं? माझे हात शिवशिवतात. लाल स्टिकर लावण्यात आयुष्य गेलंय माझं.

पुढच्या शुक्रवारी ती खिडकीसमोर उभी राहिली ती हलेचना. मग म्हणाली, "मम्मा, हे कोणी काढलं?" मी म्हटलं, कुठे काय काढलंय? तिनं स्क्रूकडे बोट केलं. तिनं बसवलेल्या सगळ्या स्क्रूंच्या खाचा आडव्या, एका ओळीत ठेवल्या होत्या. पंचवीस स्क्रू, सगळे आडवे. माझे कसेही फिरलेले. मला कसं सुचावं ते? स्क्रू आवळला की झालं, असं माझं.

"अजून काय काय केलंस?" तिनं विचारलं. मी पाना उचलून उगाच पुसायला लागले. खुर्चीवरून आवाज आला, "सोपं उत्तर आहे. सगळंच." त्या क्षणी माझ्या हातात पाना होता आणि यांचं नशीब चांगलं होतं.

तिनं हातमोजे काढले, नीट घडी करून पायरीवर ठेवले आणि गाडीत जाऊन बसली. पुढचे तीन शुक्रवार ती आली नाही. मी एकटीच जात राहिले. जिद्दीनं. कोणाला दाखवायची जिद्द ती, देव जाणे. एका शुक्रवारी यांनी चहा हातात देताना म्हटलं, "अगं, आपलं लग्न झालं तेव्हा माझी आई तू घासलेली भांडी पुन्हा घासायची, आठवतंय? तू मोरीत उभी राहून रडायचीस." मी म्हटलं, त्याचा इथे काय संबंध? ते म्हणाले, काही नाही, आपलं आठवलं. मी चहा वाळूत ओतला.

संबंध काय तो मला कळत होता. कळून वळत नव्हतं, एवढंच.

शेवटी जानेवारीत एका रात्री जेवण झाल्यावर मीच तिच्या दारावर टकटक केलं. म्हटलं, तुझ्याशिवाय मला ती कॅरॅव्हॅन नको, भंगारात दे म्हणून सांगते उद्या. तिनं दार उघडलं. मग कागद-पेन घेऊन टेबलाशी आली आणि अटी लिहायला लागली. खालची जमीन, म्हणजे जुनं कुजलेलं काढून नवा प्लाय घालायचा आणि त्यावर लाकडी पट्ट्या चिकटवायच्या, हे सगळं काम तिचं. ए टू झेड. मी त्यात हात घालायचा नाही, बघायला आत जायचं नाही, सुचवायचं नाही. छत आणि बाहेरचा पत्रा माझा. मी म्हटलं, तुझी शपथ. ती म्हणाली, "शपथ नको, मम्मा. जस्ट डोंट डू इट."

आणि मी पाळलं ते! पाच आठवडे पाळलं. शाळा सुटली की हे तिला झल्लाकला सोडायचे, सुतार वर्कशॉप सुटल्यावर येऊन तिला कापायचं कसं ते दाखवून जायचा. मी शुक्रवारी शिडीवर उभी राहून छताचं काम करायची आणि खालून ठोकल्याचा आवाज ऐकायची. एकदाच, फक्त एकदाच, खिडकी पुसण्याच्या निमित्तानं आत डोकावले. पट्ट्या अशा सरळ बसल्या होत्या की माझ्या कारखान्यातला पत्राही इतका सरळ येत नाही. ऊर भरून आला माझा. ओरडून सांगावंसं वाटलं. पण सुचवायचं नाही, बोलायचं नाही असं ठरलेलं. कौतुक त्यात येतं का, हे विचारायचं राहून गेलं.

सीझनचा शेवटचा वीकेंड आला. शुक्रवारी दुपारी चारला सुपरवायझर पिकअप घेऊन येणार, कॅरॅव्हॅन सखीरला नेणार, आम्ही तिघं रात्री तिथं राहणार. चाकं, ब्रेक, हूक, सगळं गॅरेजवाल्यानं तपासून दिलं होतं. बुधवारी संध्याकाळी घरच्या ग्रुपवर मुलीचा मेसेज आला: जमीन झाली, शुक्रवारपर्यंत प्लीज कोणी आत जाऊ नका.

कोणी म्हणजे कोण? मी समजले, बाबा. बूट घालून कुठंही फिरणारा माणूस तो. मला कशाला सांगेल ती, मी तर पाच आठवडे आत पाय ठेवला नव्हता.

गुरुवारी मी अर्धा दिवस रजा टाकली. शुक्रवारी निघायच्या आधी छोटीशी पूजा करायची, असं मी मनात ठरवलं होतं. नारळ, हळदकुंकू, शिऱ्याचा नैवेद्य. नवी वास्तू म्हटल्यावर एवढं नको का? आणि पूजा म्हटल्यावर आधी घर धुवायला नको का? कराडला माझ्या माहेरी नव्या खोलीत पहिलं पाऊल कुणाचं पडत असेल तर ते पाण्याच्या बादलीचं. आई पदर खोचायची आणि घर दारापर्यंत धुऊन काढायची. लग्न असो, सण असो, पाहुणे यायचे असोत, आधी पाणी. पुसलेलं घर आणि धुतलेलं घर यात फरक असतो हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. मी काही दुरुस्त करणार नव्हते. एक पट्टी हलवणार नव्हते. नुसतं धुणार होते. मुलीनं एवढी मेहनत केली, तिच्या जमिनीची पूजा व्हायची तर ती धुतलेली असावी, इतकंच माझ्या मनात होतं.

अंगणातल्या नळावरून चार बादल्या पाणी नेलं. चपला बाहेर काढल्या. पाणी ओतलं, ब्रशनं कोपरे घासले, पुन्हा पाणी ओतलं. लाकूड ओलं होऊन असं काही चमकायला लागलं की मी एकटीच हसले. मग पाणी बाहेर ढकलायला गेले तर ते जाईना. दाराशी उंबऱ्यासारखी पट्टी आहे ना! फडक्यानं टिपून घेतलं, पिळून पिळून. वारा सुटला होता, वाळू नको म्हणून खिडक्या घट्ट लावल्या, दार लावलं, कुलूप घातलं. घरी येऊन रवा भाजला. पाच महिन्यांत इतकी शांत झोप मला लागली नव्हती.

शुक्रवारी सकाळी दार मुलीनं उघडलं. मी मागे पूजेचं ताट घेऊन उभी. आधी वास आला, ओल्या लाकडाचा आणि आंबलेल्या गोंदाचा. मग तिच्या खांद्यावरून मला दिसलं. पट्ट्या मधोमध वर उचलल्या होत्या. काही एकमेकींवर चढल्या होत्या. कडेला प्लायचे पापुद्रे सुटून फुगले होते. ताट माझ्या हातात तिरकं झालं, नारळ गडगडत ताटाच्या काठाला येऊन थांबला.

"कोणी केलं?" तिनं विचारलं. मराठीत.

हे खुर्ची उघडत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आत बघितलं, आणि मी शपथेवर सांगते, तो माणूस "मी" म्हणायला तोंड उघडत होता. त्यांच्या आधी मी बोलले. "मी. काल येऊन धुतली. पूजेसाठी."

"पाण्यानं?"

"मग कशानं धुतात?"

ती पायरीवर बसली. तिनं मला सांगितलं, अगदी हळू आवाजात, की प्लाय साधाच आहे, चांगला मिळाला नव्हता, कडा अजून बंद करायच्या होत्या, गोंद दोन दिवस वाळावा लागतो, सुतारकाकांनी तिला दहा वेळा बजावलं होतं. मला हे कोणी सांगणार? मला तर आत जायची बंदी. हे माझ्या ओठावर आलं होतं. तेवढ्यात ती म्हणाली, "मम्मा, ती स्वच्छ होती. मी बुधवारी दोन तास बसून क्लीन केली होती. कोरड्या फडक्यानं. एव्हरी सिंगल जॉइंट. तुला वाटलं मी केली नसेल."

 ते खरं होतं. मी गुरुवारी आत गेले तेव्हा जमीन घाण आहे की स्वच्छ, हे मी बघितलंच नव्हतं. बघायची गरजच वाटली नव्हती. तिनं केली म्हणजे पुन्हा करायला हवी, हे माझ्या हातांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

"माझं चुकलं," मी म्हटलं. आयुष्यात हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल? एका हाताची बोटंसुद्धा जास्त होतील. तिनं मान हलवली. रागावली असती तर बरं झालं असतं. आरडाओरडा करणाऱ्या माणसाशी कसं वागायचं ते मला येतं.

मग ती उठली. प्लायचा एक तक्ता जादा होता. तिनं हिशेब केला: चारला पिकअप, आत्ता साडेआठ. सगळी जमीन होणार नाही, पण मागची अर्धी होईल, जिथे दोन झोपायच्या फळ्या आहेत तेवढी. पुढचा भाग तसाच उघडा, लोखंडी सांगाड्यावर, आणि गोंद वाळायला वेळ नाही म्हणून पट्ट्या खिळ्यांनी ठोकायच्या. "बाबा, कम," ती म्हणाली. "मला हेल्प कर."

बाबा! मी तिथं उभी, वीस वर्षं मिलिमीटरशी खेळलेली बाई, आणि मदतीला कोण, तर ज्याला टेपचं कुठलं टोक धरायचं तेही माहीत नाही असा माणूस. मी म्हटलं, अगं, मी करते ना, पटकन होईल. ती म्हणाली, "नो, मम्मा. तू बस." त्याच खुर्चीवर. पाच महिने ज्या खुर्चीवरून हे शेळ्या हाकत होते, त्या खुर्चीवर मी बसले.

सात तास! अहो, सात तास मी त्या खुर्चीवर काय भोगलं ते माझं मला ठाऊक. आतून पट्ट्या उखडल्याचा आवाज यायचा आणि प्रत्येक आवाज मला सांगायचा की उलट्या बाजूनं ओढताहेत. यांनी एक माप चुकीचं घेतलं. मला बाहेरून कळलं, कारण करवत दोनदा चालली. मी उठले आणि बसले. यांनी अंगठ्यावर हातोडी मारून घेतली. मुलगी हसली. हो, हसली, खळखळून, आणि हेही हसले. मग दोघंही काहीतरी बोलत राहिली. तिच्या मैत्रिणीचं, तिकडच्या थंडीचं. तेच सगळं, जे ती मला सांगायची. मी मांडीवर हात घट्ट दाबून बसून होते. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि वाऱ्याचं निमित्त होतं, ते एक बरं.

साडेतीनला ती बाहेर आली. केसांत भुसा, गालावर गोंद. "डन. ये, बघ." मी गेले. अर्धी जमीन झाली होती. एका कडेला बोटभर फट होती, पट्ट्या सरळ नव्हत्या. मी म्हटलं, "छान झालीय." ती म्हणाली, "नाही झालीय. पण झोपता येईल." मग क्षणभर थांबून म्हणाली, "दोघांनाच. पुढे फ्लोअर नाहीय."

चारच्या ठोक्याला सुपरवायझर आला. बहरीनमध्ये इंशाल्ला म्हटलेली माणसं कधीच वेळेवर येत नाहीत, त्या दिवशी हा आला. पिकअपला हूक जोडला, दिवे तपासले, कॅरॅव्हॅनला एक चक्कर मारून वडलांची कसलीशी आठवण काढून डोळे पुसले. "यल्ला, चलो," म्हणाला. "कौन कौन आ रहा है?"

 यांनी सुजलेला अंगठा तोंडात धरला होता. मुलगी माझ्याकडे बघत होती. आणि मी म्हटलं, "तुम्ही दोघं जा. मी जाते घरी."

आता हे आपल्याकडे असं म्हणायचंच असतं. पानात वाढायला आलं की आधी नको म्हणायचं. समोरच्यानं म्हणायचं, असं कसं, घ्यायलाच हवं. आपण पुन्हा नको म्हणायचं, त्यानं पुन्हा आग्रह करायचा, आणि तिसऱ्यांदा कुठं आपण पान पुढं करायचं. जन्मभर आपण असंच जेवलोय. मी "तुम्ही जा" म्हटलं ते तिनं "छे, मम्मा, तूच चल, बाबा जाईल घरी" असं म्हणावं म्हणून म्हटलं. यांना ते कळलं, ते बोलायला पुढे झाले, पण मी डोळ्यांनीच त्यांना थांबवलं. यांच्या तोंडून नको होतं मला.

मुलगी पुढे आली. तिनं मला मिठी मारली, घट्ट, भुशासकट, गोंदासकट, बऱ्याच वर्षांत मारली नव्हती अशी. "थँक यू, मम्मा," ती म्हणाली. "रिअली." आणि पिकअपमध्ये जाऊन बसली.

मी शिऱ्याचा डबा खिडकीतून आत दिला. पिकअप फाटकाबाहेर पडला, मागे कॅरॅव्हॅन डुलत गेली. मी अंगणात उभी राहिले, ताटातला नारळ तसाच.

सप्टेंबरात ती गेली. आता दर रविवारी फोन करते, पूर्वीपेक्षा जास्त बोलते, मध्येच मराठीही बोलते. त्या शुक्रवारबद्दल आम्ही कधी बोललेलो नाही. मी नको म्हटलं ते तिला खरंच नको वाटलं, की तिला सगळं कळलं आणि म्हणूनच तिनं आग्रह केला नाही, हे विचारायचं कितीदा तरी माझ्या जिभेवर येतं. मी गिळते. विचारलं तर ती खरं सांगेल.